कंपनीने दिलं म्हणजे सरकार सुटलं का? सीएसआर आणि सरकारी जबाबदारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बारा वर्षं मी मराठवाड्यातल्या गावांसाठी सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने सामाजिक कामांवर करायच्या खर्चाचे, प्रस्ताव लिहितो. कंपनीच्या माणसांना गाव दाखवणं, ग्रामसभेचा ठराव मिळवणं, काम झालं की पावत्या जुळवून अहवाल पाठवणं, हे सगळं त्यात आलं. ग्रामसभेत, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत, एसटी स्टँडवरच्या टपरीवर लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. जिथे कायदा सांगतो तिथे कायदा दिला आहे आणि जिथे माझं मत आहे तिथे ते लपवलेलं नाही.

सीएसआर हे दान आहे की कर?

सक्तीपुरता तो करासारखा आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे, १ एप्रिल २०१४ पासून, ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा अधिक, उलाढाल १,००० कोटी किंवा अधिक, अथवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा अधिक आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. तीनपैकी एक अट लागू पडली तरी पुरे.

पण कर सरकारी तिजोरीत जातो आणि तो कशावर खर्च व्हावा हे विधिमंडळ किंवा संसद ठरवते. सीएसआरचा पैसा तिजोरीत जात नाही. तो कुठे लावायचा हे कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत विषयांची यादी आहे: भूक आणि कुपोषण, आरोग्य, पिण्याचं पाणी, शिक्षण, पर्यावरण, वारसा जतन, खेळ, ग्रामविकास, आपत्ती व्यवस्थापन वगैरे. त्या यादीतलं काय निवडायचं, कोणतं गाव घ्यायचं, किती वर्षं घ्यायचं, हे कंपनीच्या हातात. अमुक गावाला द्या असं मंत्रालयही सांगू शकत नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढची बहुतेक उत्तरं त्यातूनच येतात.

असा पैसा एकूण असतो तरी किती?

पहिल्या वर्षी, म्हणजे २०१४-१५ मध्ये, देशभरात दहा हजार कोटींच्या आसपास खर्च झाला. २०२२-२३ पर्यंत हा आकडा तीस हजार कोटींच्या घरात गेला. ऐकायला मोठा वाटतो. देशाच्या १४० कोटी लोकांत वाटला तर माणशी वर्षाला दोनशे-सव्वादोनशे रुपये येतात.

आता शेजारी दुसरे आकडे ठेवा. २०२४-२५ मध्ये केंद्राने एकट्या मनरेगासाठी ८६,००० कोटींची तरतूद केली होती. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातला एकूण खर्च सुमारे ७ लाख कोटी आहे. देशातल्या सगळ्या कंपन्यांचा मिळून सीएसआर एका राज्याच्या वर्षाच्या खर्चाच्या विसाव्या हिश्शाएवढाही नाही.

नोकरी करणाऱ्यांनी आपलं पगारपत्रक काढून पाहावं. व्यवसाय कर म्हणून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५०० रुपये कापलेले दिसतील. एका कारकुनाच्या पगारातून जाणारा हा एक कर अकरा-बारा माणसांच्या वाट्याला येणाऱ्या सीएसआरएवढा आहे. त्याच्यासाठी कुणी फलक लावत नाही.

सरकारकडे पैसा नाही म्हणूनच कंपन्यांकडे जावं लागतं ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावा लागतो, आणि तो विचारणाऱ्यांत अधिकारीही असतात. म्हणून थोडं सविस्तर.

२० सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने, इतर सवलती सोडायला तयार असणाऱ्या कंपन्यांसाठी, कंपनी कराचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणला. मोठ्या कंपन्यांना तो तोवर ३० टक्के होता. नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्के ठरला. यामुळे वर्षाला १.४५ लाख कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावं लागेल, असं सरकारनेच त्या दिवशी सांगितलं. त्या वर्षीचा देशभरातला सीएसआर पंचवीस हजार कोटींच्या आसपास होता. गुंतवणूक आणि रोजगार वाढावेत म्हणून ही कपात केली, असं सरकारचं म्हणणं होतं, आणि त्यावर अर्थतज्ज्ञांनी जरूर वाद घालावा. माझं म्हणणं एवढंच आहे की जवळजवळ सहापट रक्कम करातून सोडून द्यायची आणि मग शाळेच्या पत्र्यांसाठी कंपनीच्या दारात जायचं, याला पैसा नसणं म्हणत नाहीत. पैसा कुणाकडून, कोणत्या वाटेने घ्यायचा याबद्दल घेतलेला तो निर्णय आहे. गंमत म्हणून नाही, नोंद म्हणून सांगतो: त्याच दिवशीच्या घोषणांमध्ये सीएसआरची कक्षा वाढवून सार्वजनिक संस्थांमधलं संशोधनही त्यात घेतलं गेलं.

कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ च्या खुलाशात स्पष्ट म्हटलं आहे की सरकारी योजनांमधली पैशाची तूट भरून काढण्याचं साधन म्हणून सीएसआरकडे पाहू नये. कुठल्या कार्यालयात कुणी "निधी नाही, सीएसआर बघा" असं म्हणालं, तर हे वाक्य त्यांच्यासमोर ठेवा. मी ते छापून खिशात ठेवतो.

सरकारची जबाबदारी म्हणता, पण ती कुठे लिहिली आहे?

राज्यघटनेच्या चौथ्या भागात. कलम ४१ काम, शिक्षण आणि बेकारी-म्हातारपण-आजारपणातल्या मदतीबद्दल बोलतं, तर कलम ४७ पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य मानतं. ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांच्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही, हे खरं. पण हळूहळू त्यातली काही तत्त्वं हक्कात उतरली. २००२ च्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आलं आणि ६ ते १४ वर्षांच्या मुलांचं मोफत शिक्षण मूलभूत हक्क झालं. त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये आला. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या शेतमजूर संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तातडीच्या रुग्णाला सरकारी दवाखान्यात उपचार न मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैशाची अडचण सांगून राज्याला हात झटकता येणार नाहीत.

आपल्याकडे हा विचार घटनेच्याही आधीचा आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यांचा मुद्दा असा की सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या कष्टातून येतो, मग तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर का जातो? तो रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर आला पाहिजे आणि ते शिक्षण सक्तीचं हवं. यात कुठेही उपकाराची भाषा नाही, हिशेब मागितला आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात तोच मार्ग धरला.

आणि रोजगार हमी. १९७२ चा दुष्काळ आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी खडी फोडून काढला. त्या काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली योजना राज्यभर रुजली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि काम देता आलं नाही तर बेकारी भत्ता. यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने घालायची असं ठरलं. वर पगारपत्रकातल्या ज्या २०० रुपयांचा उल्लेख केला, त्यांचा उगम हा. मुंबईच्या ऑफिसातल्या माणसाने बीडच्या मजुराला दान दिलं नाही. राज्याने एकाकडून कर घेतला आणि दुसऱ्याला हक्क दिला, दोघांना एकमेकांचं तोंडही पाहावं लागलं नाही. मजुराला कुणापुढे हात जोडून उभं राहावं लागलं नाही, ही त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट.

पण आपली मोठी रुग्णालयं, शाळा तर शेठ लोकांच्या दानातूनच उभ्या राहिल्या ना?

हो, आणि त्याबद्दल कृतज्ञ राहायलाच हवं. १८४५ मध्ये सुरू झालेलं मुंबईचं जे. जे. रुग्णालय जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीशिवाय उभं राहिलं नसतं. परळच्या केईएमला जोडलेलं वैद्यकीय महाविद्यालय आजही शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या नावाने ओळखलं जातं.

पण इमारत उभी राहिल्यानंतर काय झालं तेही पाहा. जे. जे. राज्य सरकार चालवतं, केईएम मुंबई महापालिका. रोज सकाळी केसपेपरच्या रांगेत उभ्या असलेल्या हजारो माणसांसाठी डॉक्टर, परिचारिका, औषधं, वीज, कपडे धुणं, सगळं करदात्यांच्या पैशातून होतं. दरवर्षी, न थांबता.

सगळ्यात बोलकं उदाहरण टाटा मेमोरियलचं. सर दोराबजी टाटा ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू केलं. त्या काळात कर्करोगासाठी असं रुग्णालय उभारणं ही मोठी दूरदृष्टी होती. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ताब्यात घेतलं आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे दिलं. म्हणूनच आज बिहारचा, आसामचा, धाराशिवचा माणूस तिथे मोफत किंवा अगदी थोड्या खर्चात उपचार घेऊ शकतो. दानाने पाया घातला, राज्याने तो कायमचा पेलला. मला विचाराल तर दान आणि सरकार यांचं नातं असं असावं.

दानाची जागा त्यानंतरही संपत नाही. टाटाला आलेल्या रुग्णांचे नातेवाईक दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतात. महिनोन्‌महिने चालणाऱ्या उपचारात डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचं जेवण मिळणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात तो आजार येऊन गेला त्यांना सांगायला नको.

कंपनी काम लवकर आणि चांगलं करते. मग तक्रार कशाची?

लवकर करते, हे खरं आहे. निविदेच्या फेऱ्यात दोन वर्षं अडकणारी स्वच्छतागृहं मी चार महिन्यांत उभी राहिलेली पाहिली आहेत. नवीन काही करून पाहायचं असेल, तर कंपनीच्या पैशाला मोकळीक जास्त असते.

तरीही एक गोष्ट सांगतो. आमच्या भागातल्या एका गावासाठी मी स्वतः शुद्ध पाण्याच्या यंत्राचा प्रस्ताव लिहिला. कंपनीने यंत्र बसवलं, नारळ फुटला, पाच रुपयांत वीस लिटरचा जार मिळू लागला. बायकांची पायपीट थांबली. दोन वर्षं उत्तम चाललं. तिसऱ्या वर्षी कंपनीने आपला भर शिक्षणावर वळवला, तो त्यांचा अधिकार होता. यंत्रातला फिल्टर बदलायचा झाला, वीजबिल थकलं, आणि यंत्र बंद पडलं.

यंत्र बंद पडणं दुरुस्त करता आलं असतं. खरं नुकसान वेगळंच झालं होतं. मधल्या दोन वर्षांत गावाची नळयोजनेची मागणी मागे पडली होती. "तुमच्याकडे पाणी आहे की" असं सांगून कागद बाजूला ठेवला गेला, आणि गावानेही पाठपुरावा सोडला. यंत्र बंद पडल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. एका आजींनी मला विचारलं, "आता कुणाला म्हणायचं?" कंपनीला म्हणता येत नव्हतं, तिने काही कबूल केलेलंच नव्हतं. मी प्रस्तावात तिसऱ्या वर्षानंतरचं काहीच लिहिलं नव्हतं. तेव्हापासून मी लिहितो.

सीएसआरचा पैसा मुंबई-पुण्याकडेच का जातो?

कायद्यातच म्हटलं आहे की कंपनीने आपल्या कामकाजाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. कारखाने आणि मुख्यालयं जिथे, तिथे पैसा. म्हणून राज्यांमध्ये महाराष्ट्र सीएसआर मिळवण्यात कायम वरच्या क्रमांकावर असतो, आणि ईशान्येकडच्या राज्यांच्या वाट्याला फार थोडं येतं. राज्याच्या आतही तेच. केंद्राने विकासात मागे राहिलेले म्हणून निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत: गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव. तिथे कारखाने कमी, म्हणून सीएसआरची ओढही कमी. जिथे गरज जास्त तिथे जास्त द्यायचं, हे बंधन सरकारवर टाकता येतं, कंपनीवर नाही.

सरकारी शाळा कंपनीला दत्तक द्यायला हरकत काय?

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने याचा निर्णय काढला. पाच किंवा दहा वर्षांसाठी देणगीदाराने शाळा दत्तक घ्यायची, मदत रोख न देता वस्तू आणि सुविधांच्या रूपात द्यायची, आणि त्या काळापुरतं देणगीदाराचं नाव शाळेच्या नावाला जोडता येईल, अशी त्याची रचना. शिक्षक संघटनांनी आणि पालकांनी विरोध केला, तो मला पटतो.

संगणक, पुस्तकं, खेळाचं साहित्य जरूर घ्यावं. लोकवर्गणीतून झेडपीच्या शाळा सजवण्याची आपल्याकडे सुंदर परंपरा आहे. पण "दत्तक" हा शब्द मला खुपतो. दत्तक पोरकं मूल जातं. झेडपीच्या शाळेला आई-बाप आहेत. शिवाय शाळेची सगळ्यात मोठी गरज शिक्षक आहे, आणि रिकाम्या पदावर शिक्षक नेमणं कुठल्याही देणगीदाराच्या हातात नाही.

खाणपट्ट्यात मिळणारा निधी आणि धर्मादाय रुग्णालयातल्या खाटा, हे पण सीएसआरच का?

नाही. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी २०१५ च्या कायदादुरुस्तीतून आला. खाणमालकाने सरकारला द्यायच्या रॉयल्टीच्या १० किंवा ३० टक्के रक्कम त्यात भरायची असते. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या किंवा गोव्यातल्या खाणगावांचा तो हक्क आहे, त्यासाठी आभाराचं पत्र लिहू नका.

धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यायच्या, ही योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिली. त्यांना सार्वजनिक न्यास म्हणून मिळणाऱ्या सवलतींचा तो मोबदला आहे.

कंपनीने खर्चच केला नाही तर?

आधी फक्त कारण सांगितलं की भागत असे. जानेवारी २०२१ पासून नियम कडक झाले. चालू प्रकल्पाचे उरलेले पैसे वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून तीन वर्षांत खर्चायचे, आणि चालू प्रकल्प नसेल तर सहा महिन्यांत कायद्यात सांगितलेल्या निधीत भरायचे. नाहीतर न भरलेल्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी, यातली कमी असेल ती रक्कम दंड.

मुख्यमंत्री सहायता निधीत दिलेले पैसे धरतात का?

कोविडच्या काळात हा प्रश्न पेटला होता. एप्रिल २०२० च्या खुलाशाप्रमाणे केंद्राच्या पीएम केअर्स निधीत दिलेले पैसे सीएसआर ठरले, मुख्यमंत्री निधीतले ठरले नाहीत. राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला दिलेले मात्र चालत होते. रुग्णालयं आणि आरोग्य केंद्रं राज्यांनी चालवायची आणि देणगी वेधून घेणारी खिडकी मात्र केंद्रात उघडायची, हे मला तेव्हाही अन्यायाचं वाटलं आणि आजही वाटतं.

हिशेब मागता येतो का?

सरकारी कामाचा माहिती अधिकारात मागता येतो, ग्रामसभेत विचारता येतो, मतपेटीतून जाब विचारता येतो. खासगी कंपनी माहिती अधिकाराखाली येत नाही. मात्र तिने आपल्या वार्षिक अहवालात सीएसआरचा तपशील द्यावाच लागतो आणि संकेतस्थळावर प्रकल्पांची माहिती ठेवावी लागते. गावाचं नाव आणि रक्कम शोधून पाहा, अनेकदा गावालाच ठाऊक नसतं.

आमच्या गावात कंपनी काम करायला तयार आहे. हो म्हणू का?

म्हणा. पण ग्रामसभेत ठराव करताना या गोष्टी लिहून घ्या. काम किती वर्षांचं आहे आणि शेवटच्या वर्षानंतर वीज, दुरुस्ती, माणसाचा पगार कोण देणार, ग्रामपंचायत की झेडपी, हे खात्याच्या नावासकट. वस्तू कुणाच्या नावावर राहणार: २०२१ च्या नियमांप्रमाणे सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या मालकीची राहू शकत नाही, ती नोंदणीकृत संस्था, लाभार्थ्यांचे गट किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्याकडे असावी लागते.

आणि ठरावात शेवटचं एक वाक्य घालाच, मी ते आता प्रत्येक गावात घालतो: "या कामामुळे ग्रामपंचायतीची शासनाकडे प्रलंबित असलेली मागणी मागे घेतली जात नाही." त्या मागणीचा जावक क्रमांक आणि तारीख त्याखाली लिहा, आणि ठरावाची एक प्रत पंचायत समितीत देऊन पोच घ्या.